वाडा सुटला, निळूभाऊ अडकले

दरवर्षी १३ जुलै आला की ठरलेला कार्यक्रम होतो. सकाळी निळू फुले यांचा एक फोटो फिरायला लागतो, खाली 'विनम्र अभिवादन'. दुपारपर्यंत कुणीतरी मान तिरकी करून, डोळे बारीक करून, घशातून खरखर काढत एक व्हिडिओ टाकतो. त्यात ते वाक्य येतं, 'बाई, वाड्यावर या'. खाली हसऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागते. झाली पुण्यतिथी साजरी!

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना लवकर येईल. निळूभाऊ २००९ साली पुण्यात गेले. त्यानंतर प्रेमाच्या नावाखाली आपण त्यांचं जे केलं, तो त्यांचा अपमान आहे. ज्या माणसानं आयुष्यभर वाड्याची अब्रू चव्हाट्यावर आणली, त्याला आपण त्याच वाड्याचा भालदार करून दारात उभा केला. आणि या सगळ्यात निळूभाऊंपेक्षाही जास्त अन्याय त्या वाक्यातल्या 'बाई'वर झाला. तिची तर कुणी विचारपूसही केली नाही.

आता मी कुठे बसून हे लिहितोय ते सांगतो, कारण त्याचा विषयाशी संबंध आहे. मी मूळचा फोंडा तालुक्यातला. केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून. कला शाखेचा पदवीधर, म्हणजे जावक रजिस्टर लिहिता लिहिता मनात तिसरंच काही चाललेलं असतं अशा जातीचा. सध्या बदली मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरला. शहरातल्या खोलीचं भाडं आणि यंत्रमागांचा खडखडाट दोन्ही सोसवेना, म्हणून कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या ओळखीनं दापोरा गावात एका केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरी खोली घेतली.

गोव्याच्या वाचकांना दापोरा कुठून माहीत असणार? बुऱ्हाणपूर हा २००३ च्या १५ ऑगस्टला खंडव्यापासून वेगळा झालेला जिल्हा. तापीचं खोरं, केळीचे मळे. सीमेपलीकडे जळगाव जिल्ह्याचे रावेर आणि मुक्ताईनगर तालुके. कागद हिंदी, शाळा हिंदी, कचेरी हिंदी. पण घराचा उंबरठा ओलांडलात की चुलीजवळची भाषा मराठी. ही मराठी पुण्याची नाही, तिला खानदेशाचा वास आहे. पहिल्या आठवड्यात मला ती निम्मी कळायची नाही, पण कानाला आपली वाटायची. महाराष्ट्राबाहेर मराठी बोलणारा माणूस दुसऱ्या तशाच माणसाला लगेच ओळखतो. गोव्यात आम्ही हेच करत आलोत.

घरमालकांची आई पंचाहत्तरीच्या पुढची. सारे तिला आजी म्हणतात, मीही म्हणतो. एका रविवारी दुपारी सह्याद्री वाहिनीवर निळूभाऊंचा जुना कृष्णधवल चित्रपट लागला होता. आजी शेंगा फोडत बसलेल्या. पडद्यावर निळूभाऊ आले. अजून एक शब्द बोलले नव्हते, नुसते दारातून आत आले आणि त्यांनी अंगणातल्या पोरीकडे एकदा पाहिलं. आजींचा हात थांबला.

"पाह्य कसा पाह्यतो मेला! मुडदा बसो याचा!"

मी म्हटलं, "आजी, तो माणूस वारला. फार चांगला माणूस होता म्हणतात."

आजी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "असंल. पण हा नाही चांगला." आणि पडद्याकडे बोट दाखवलं.

मंडळी, मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं. समीक्षेची चार पुस्तकं वाचली आहेत. पण नट वेगळा आणि पात्र वेगळं हे इतक्या कमी शब्दांत मला कुणी शिकवलं नव्हतं. 'असंल. पण हा नाही चांगला.' निळूभाऊंना गावोगावी बायका अशाच शिव्या घालत, आणि ती ते आपल्या कामाची पावती मानत, हे सर्वश्रुत आहे. आजींनी त्या दुपारी त्यांना अशी आणखी एक पावती दिली.

आता दुसरं चित्र. आधीच्या एका बदलीच्या गावी, दुसऱ्या एका कचेरीत, निरोप समारंभ होता. सूत्रसंचालन करणारा हौशी नकलाकार. गुच्छ द्यायला एका महिला सहकाऱ्याला व्यासपीठावर बोलवायचं होतं. त्यानं आवाज बदलला आणि तेच वाक्य टाकलं. सभागृह कोसळलं! त्या बाईही हसल्या. गुच्छ दिला, खाली येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी आवक-जावकच्या टेबलापाशी त्या मला म्हणाल्या, "हसले नसते तर म्हणाले असते, हिला विनोद कळत नाही."

मी त्या सूत्रसंचालकाला जेवणाच्या रांगेतच विचारलं होतं, "हे वाक्य कुठल्या चित्रपटातलं?" तो म्हणाला, "अहो, सगळ्यांतच असतं ते." हाच प्रश्न मी त्याच्या आधी आणि नंतर दहा-बारा नकलाकारांना तरी विचारला असेल. चित्रपटाचं नाव एकानंही सांगितलं नाही. प्रसंग सांगितला नाही. समोर कोण नटी होती, तिनं उत्तर काय दिलं, पुढे काय झालं, काही नाही. वाक्य तेवढं उरलं आहे.

या दोन चित्रांत फरक काय? दापोऱ्याच्या आजींना तो माणूस बघून राग आला. कचेरीतल्या लोकांना तो आवाज ऐकून मजा वाटली. आजी त्या अंगणातल्या पोरीच्या बाजूनं बसल्या होत्या. आमचं सभागृह त्या पाटलाच्या बाजूला जाऊन बसलं होतं, आणि तिथून समोरच्या बाईकडे बघून हसत होतं. नटानं ज्या नजरेची आपल्याला किळस यावी म्हणून जीव ओतला, ती नजरच आपण त्याच्याकडून उसनी घेतली. वर म्हणायचं, ही आदरांजली!

म्हणून मी म्हणतो की वाडा सुटला आणि निळूभाऊ अडकले.

निळूभाऊंनी हा पाटील, हा सरपंच, हा चेअरमन आणला कुठून? त्यांचं घर वाड्यातलं नव्हतं. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळी म्हणून नोकरी केली. बागेत पाणी घालणारा माणूस साहेबांना खालून बघतो. साहेब बोलताना कुठे बघतात, नोकर समोर असताना कसे वागतात, हे त्याला साहेबांपेक्षा जास्त माहीत असतं. आम्हा कारकुनांनाही हे थोडंफार कळतं. फाईल घेऊन टेबलापाशी पाच मिनिटं उभं राहावं लागलं की समोरच्या माणसाचा चांगला अभ्यास होतो.

ते राष्ट्र सेवा दलात वाढले. सेवा दलाच्या कलापथकात कामं केली. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे' या वगातला रोंग्या त्यांनीच केला. मग शंकर पाटलांचं 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य गाजलं आणि त्या जोरावर अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'मध्ये १९६८ साली ते झेलेअण्णा होऊन पडद्यावर आले. म्हणजे हा माणूस सिनेमात आला तो राजकीय वगाच्या रस्त्यानं. सत्तेची टिंगल करणं, तिचं सोंग काढून लोकांपुढे ते उघडं पाडणं, हीच त्याची शाळा. त्याच्या खलनायकाला नुसता 'बाईलवेडा पाटील' म्हणणं म्हणजे शाळेचा दाखला न बघता विद्यार्थ्याला नापास करण्यासारखं आहे.

'सामना' बघा. ज्यांनी बघितला असेल त्यांनीही पुन्हा बघा. १९७५ चा चित्रपट, जब्बार पटेलांचा, लेखन विजय तेंडुलकरांचं. बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेला होता. निळूभाऊ त्यात हिंदुराव धोंडे पाटील. साखर कारखाना यांचा, माणसं यांची, गाव यांचं. एक दारुडा, फाटका म्हातारा मास्तर गावात येतो. ते काम डॉ. श्रीराम लागूंचं. हिंदुराव त्याला घरी आणतात, खाऊ-पिऊ घालतात, आपलं साम्राज्य फिरवून दाखवतात. आणि तो म्हातारा मारुती कांबळे नावाच्या बेपत्ता माणसाचं काय झालं, हा एकच प्रश्न विचारत राहतो.

या चित्रपटात निळूभाऊ ओरडत नाहीत, गुरगुरत नाहीत. किती गोड वागतात! पाहुण्याची काळजी घेतात. आणि त्या गोडव्याचीच भीती वाटते. ज्याच्या हातात सगळं आहे त्याला आवाज चढवायची गरज नसते, हे त्यांना बरोबर कळलं होतं. प्रश्न आला की एक क्षण त्यांचा चेहरा थांबतो, मग पुन्हा तसाच आतिथ्यशील होतो. त्या एका क्षणात महाराष्ट्राच्या सहकाराचा अर्धा इतिहास आहे. कुठल्या नकलाकारानं हा थांबलेला चेहरा कधी करून दाखवला आहे? आवाज काढणं सोपं आहे हो, थांबणं अवघड आहे.

'गोव्यात कुठे साखरसम्राट होते?' असं माझा एक गोव्यातलाच मित्र म्हणतो. गंमत अशी की 'वाडा' हा शब्दच गोव्यात वेगळा आहे. आमच्याकडे वाडा म्हणजे गावाचा एक भाग, दहा-वीस घरांची वस्ती. तेव्हा गोव्यातलं शाळकरी पोर ते वाक्य फेकतं, तेव्हा वाडा म्हणजे काय हेही त्याला ठाऊक नसतं. ते नुसत्या चालीवर हसतं.

पण शब्द वेगळा असला तरी वस्तू आमच्याकडेही होती. आमच्याकडे भाटकार होता. त्याच्या भाटात मुंडकाराची खोप. नारळ पडला तरी तो भाटकाराचा. भाटकाराच्या घरून बोलावणं आलं की मुंडकाराच्या घरातल्या बाईला जावंच लागे. दळायला, कांडायला, सारवायला, आणि कधी कशाला हे गावात सगळ्यांना माहीत असे आणि कुणी बोलत नसे. मुंडकारांना घरातून हुसकता येऊ नये म्हणून गोव्यात कायदा झाला तो १९७५ साली. 'सामना' आला तेच साल! तेव्हा हिंदुराव आमचे कोणी नव्हेत, असं निदान गोवेकरानं तरी म्हणू नये. 'वाड्यावर या' हे बोलावणं आपल्या आजी-पणज्यांना आलेलं आहे. त्यांना त्यात विनोद दिसला नव्हता.

आता समोरून येणारे आक्षेप. मला ते माहीत आहेत, कारण मी ते कचेरीत, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत ऐकलेले आहेत.

पहिला आक्षेप असा, की नक्कल म्हणजे प्रेम. ज्याच्यावर प्रेम असतं त्याचीच नक्कल होते. असेल बुवा. पण प्रेम असेल तर माणूस पूर्ण आठवतो, निदान आठवण्याचा प्रयत्न करतो. आपल्या आजोबांची आठवण म्हणून कुणी फक्त त्यांच्या खोकल्याची नक्कल करून दाखवली तर त्याला आपण काय म्हणू? निळूभाऊंच्या घशाची खरखर म्हणजे निळूभाऊ नव्हेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. तो असा, की तमाशापटांतून आणि ग्रामीण चित्रपटांतून असले पाटील निळूभाऊंनी स्वतःच इतके केले, की साचा त्यांनीच घडवला. प्रेक्षकांनी काय करायचं? ही गोष्ट खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. एकदा झेलेअण्णा चालला म्हटल्यावर निर्मात्यांनी त्यांना पुन्हा पुन्हा तेच धोतर, तीच टोपी दिली. मराठी चित्रपटाच्या तुटपुंज्या पैशात पोट भरणाऱ्या नटानं किती वेळा नाही म्हणायचं? पण त्या साच्यातही बघा. सामान्यातल्या सामान्य चित्रपटातही त्यांनी त्या पाटलाला कधी हवाहवासा केला नाही, त्याला ऐट दिली नाही. बायकांना त्याची शिसारीच आली पाहिजे, असाच केला. हिंदीतल्या काही खलनायकांसारखं त्यांच्या पाटलाला बघून कुणाला वाटलं नाही, की आपणही असं व्हावं. तसं वाटायला लागलं ते नकलाकारांनी त्याला हातात घेतल्यावर.

तिसरा आक्षेप नेहमीचा, 'एवढं काय मनाला लावून घ्यायचं? विनोद आहे.' विनोद आहे हे मलाही कळतं. विनोदाला माझी ना नाही, निळूभाऊ स्वतः लोकनाट्यातले, म्हणजे हजरजबाबी विनोदावर पोसलेले. पण वगात विनोद कुणावर असायचा? राजावर, प्रधानावर, कोतवालावर, पुढाऱ्यावर. हसणारा खाली बसलेला आणि ज्याच्यावर हसायचं तो वर. आजच्या या नकलेत आपण कुणावर हसतो? ज्या बाईला बोलावलं जातंय तिच्यावर. वगाची परंपरा आपण डोक्यावर उलटी उभी केली आणि तिला वगातल्याच नटाचं नाव दिलं.

आमच्याकडे देवळाच्या जत्रेत काला होतो, त्यात संकासुर येतो. काळा, लांब जीभ काढलेला. पोरं त्याला भितात, त्याच्या मागेही लागतात, त्याच्या बोलण्यावर गाव हसतंही. पण संकासुर असुर आहे, वेद चोरणारा आहे आणि शेवटी मरणार आहे, हे मांडावर बसलेलं शेंबडं पोरही विसरत नाही. आपण निळूभाऊंचा असुर घेतला, आणि तो असुर आहे एवढंच विसरलो.

बरं, त्यांनी फक्त पाटीलच केले का? १९७२ सालचं 'सखाराम बाइंडर' घ्या. नवऱ्यांनी टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा, लग्न न मानणारा, तोंडाळ, क्रूर आणि तरीही ढोंग न करणारा सखाराम निळूभाऊंनी उभा केला. चंपा झाल्या होत्या लालन सारंग, दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचं. परीनिरीक्षण मंडळापासून उच्च न्यायालयापर्यंत ते नाटक लढलं. पांढरपेशा घरात जे बंद दाराआड चालतं तेच हा सखाराम दार उघडं ठेवून करत होता, म्हणून एवढा गदारोळ. इथेही एक पुरुष बाईला घरात बोलावतो. पण हे बघून त्या काळात कुणाला गुदगुल्या झाल्या नाहीत. लोक चिडले, अस्वस्थ झाले, कोर्टात गेले. निळूभाऊंच्या खऱ्या कामाचा परिणाम असा होत असे.

मग 'सिंहासन', १९७९. पुन्हा जब्बार पटेल आणि तेंडुलकर, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून. तिथे अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री. आणि निळूभाऊ? ते पत्रकार दिगू टिपणीस. सत्तेच्या खेळात सगळं दिसणारा आणि काहीच करू न शकणारा साधा माणूस. तोच चेहरा, तेच डोळे. पण 'सामना'त जे डोळे सगळ्यांवर मालकी सांगत होते ते इथे नुसते बघत राहतात, बघून बघून थकतात, आणि शेवटी त्या माणसाचं भान सुटतं. चार वर्षांच्या अंतरानं एकाच नटानं सत्ता आतून दाखवली आणि बाहेरूनही दाखवली. किती भाषांना असा नट मिळतो?

आणि 'सूर्यास्त'! हे नाटक जयवंत दळवींचं. दळवींचा जन्म आमच्या हडफड्याचा, हे गोव्यातल्या वाचकांना मी सांगायला नको. त्यात निळूभाऊ आप्पाजी झाले होते. ज्या स्वातंत्र्यासाठी लढलो त्याचं काय झालं हे आपल्याच घरात, आपल्याच मुख्यमंत्री झालेल्या मुलाच्या रूपानं बघणारा म्हातारा गांधीवादी. हिंदुराव करणारा नट आप्पाजीही करतो आणि दोन्ही खरे वाटतात. यातला आप्पाजी आपण कुठे ठेवला? कुठल्याच पुण्यतिथीला मला तो भेटत नाही.

पडद्याबाहेरचा माणूस तर आणखी पुसला गेला. सामाजिक कामात आयुष्य घालणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याकाठी थोडी मदत मिळावी म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. त्यासाठी डॉ. लागू, निळूभाऊ आणि त्यांचे सहकारी कलावंत 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत महाराष्ट्रभर फिरले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या बरोबर उभे राहिले. १९९१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला, पण त्यांचा मुक्काम सत्काराच्या खुर्चीपेक्षा कार्यकर्त्यांच्या सतरंजीवर जास्त. हे सगळं आठवायला आवाज बदलावा लागत नाही. थोडं वाचावं लागतं, एवढंच.

कुणी म्हणेल, तू दूर मध्य प्रदेशात बसून हे का उगाळतोस? तर ऐका. इथे त्याची किंमत जास्त मोजावी लागते म्हणून.

महाराष्ट्रातल्या पोराला निळूभाऊंचं एक वाक्य चुकीचं मिळालं तरी त्याच्याजवळ मराठीचं बाकी पुष्कळ आहे. शाळा आहे, वर्तमानपत्र आहे, नाट्यगृह आहे. दापोऱ्याच्या पोराजवळ काय आहे? माझ्या घरमालकांचा मुलगा नववीत आहे. शाळा हिंदी. मराठी वाचायला त्याला जड जातं. आजीशी बोलतो तेवढीच मराठी. बाकी मराठी त्याला मोबाईलवर मिळते, आणि तिथून मिळालेलं पहिलं 'प्रसिद्ध' मराठी वाक्य कुठलं? तेच.

एकदा त्यानं ओसरीवर उभं राहून हुबेहूब आवाज काढला. त्याचे दोन मित्र होते, ते खिदळले. आजी आतून भाकरी थापत होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, "कोनाला बोलावतो रे?"

पोरगं गप्प. आजी बाहेर आल्या, हाताला पीठ तसंच. म्हणाल्या, "सांग ना. कोनाला बोलावतो? नाव सांग तिचं."

त्याला उत्तर देता येईना. मित्र चपला घालून निघून गेले. आजींनी त्याला मारलं नाही, की आणखी काही बोलल्या नाहीत. तव्यावरची भाकरी करपेल म्हणून आत गेल्या. मी खोलीच्या दारात उभा होतो. मला वाटलं, मराठीतल्या तमाम नकलाकारांना रांगेत उभं करून हा एकच प्रश्न विचारावा. कोणाला बोलावता? नाव सांगा तिचं.

कारण त्या वाक्यातल्या बाईला नावच नाही. चित्रपटात तिला नाव असायचं, नवरा असायचा, शेत असायचं, कर्ज असायचं. ती पाटलाच्या दारात का उभी आहे याचं कारण असायचं. सावकाराचा कागद, कारखान्याची नोकरी, नवऱ्याची अटक. निळूभाऊंची नजर भयंकर वाटायची ती त्या कारणांमुळे. पाटलाला तिची अडचण माहीत आहे हे त्या नजरेत दिसायचं. आपण कर्ज कापलं, कागद कापला, नवरा कापला, बाईचं नाव कापलं. उरला घसा. आणि त्याला म्हणतो निळू फुले!

आणि हो, अशी दारं आजही आहेत. सही अडवून ठेवणारा आहे, 'उद्या संध्याकाळी एकट्याच या' म्हणणारा आहे, बदलीचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवणारा आहे. मी वीस वर्षं सरकारी कचेऱ्यांत काढलीत, मला कुणी शिकवू नये. त्याच्या अंगावर धोतर नसतं, पॅन्ट असते. पण डोळे तेच. ते डोळे ओळखायला निळूभाऊंनी आपल्याला चाळीस वर्षं शिकवलं. आता ते डोळे दिसले की आपण ओळखत नाही, कारण ते बघून आपल्याला हसायची सवय लागली आहे. हे नुकसान एका नटाच्या आठवणीचं नाही. आपलं आहे, आपल्या बायका-मुलींचं आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. गोव्यातल्या मराठी मंडळांना, नाट्यवेड्या गावांना, वाचनालयांना ती खास सांगतो, कारण देवळापुढे रात्रभर नाटक बघणारा प्रेक्षक अजून आमच्याकडे आहे. येत्या १३ जुलैला नकलांची स्पर्धा ठेवू नका. सभागृह मिळालं तर सभागृहात, नाही तर देवळाच्या मंडपात पडदा लावून 'सामना' दाखवा. दुसऱ्या वर्षी 'सिंहासन' दाखवा. तिसऱ्या वर्षी कुठल्या तरी हौशी संस्थेनं 'सूर्यास्त' बसवावा. दळवी आपलेच आहेत, लाजायचं कारण नाही. चित्रपट संपल्यावर दिवे लावा आणि शाळेतल्या पोरांना विचारा, मारुती कांबळेचं काय झालं असेल? आपल्या गावात असा कोणी होता का?

आणि एखाद्या समारंभात कुणी माईक हातात घेऊन घसा खरखरायला लागला, तर उठून भांडण करू नका. शांतपणे विचारा, चित्रपट कोणता? आणि ती बाई कोण? उत्तर आलं तर ऐकून घ्या. नाही आलं तर माईक काढून घ्या.